दिवाळीनंतरही मी गेले नाही

दिवाळीच्या आठवड्यात आमच्या गल्लीत जितकी तरुण माणसं दिसतात, तितकी एरवी वर्षभरात दिसत नाहीत. अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत वळलं की आमची गल्ली. त्या आठवड्यात तिथं पुणे पासिंगच्या गाड्या उभ्या राहतात, ओट्यांवर मुलं लॅपटॉप उघडून बसतात, रात्री गच्चीवर गप्पा रंगतात. भाऊबीज झाली की एकेक गाडी निघते. डिक्कीत चिवड्याचे डबे जातात, आया फाटकाशी उभ्या राहून हात हलवतात, आणि मागं उरतात शाळकरी पोरं आणि पेन्शनीत निघालेली माणसं.

त्या वर्षी सगळे गेले आणि मी राहिले.

बी.कॉम. झाल्यापासून मी पुण्यात एका कंपनीच्या हिशेब विभागात होते. दसऱ्याच्या आधी त्यांनी आमचा सगळा विभागच बंद केला. मी थोडे दिवस दुसरीकडं प्रयत्न केले, मग खोली सोडली आणि दिवाळीला म्हणून घरी आले. बॅगा नेहमीपेक्षा जास्त होत्या, एवढाच फरक. आईला पहिल्याच दिवशी सांगितलं. ती शेवंतीच्या टोपल्यांवर पाणी शिंपडत होती. शिंपडणं न थांबवता म्हणाली, "दिवाळी होऊ दे. मंग पाहू."

आमची बडनेऱ्याच्या पुढं थोडी जमीन आहे. बाबा तिथं शेवंती, झेंडू, गुलाब काढतात आणि आई देवळाच्या रस्त्यावर फुलं विकायला बसते. त्या जागेवर बसून तिनं मला शिकवलं. शिकवलं त्यापेक्षा जास्त, मी पुण्यात आहे हे तिनं त्या जागेवरून साऱ्या गावाला सांगितलं. पूजेची पुडी बांधता बांधता ती म्हणायची, "माही पोरगी पुण्याले असते. कंपनीत." हे ऐकल्यावर गिऱ्हाइकं तिच्याशी जरा वेगळ्या आवाजात बोलत. मी लहान असताना हीच माणसं तिच्याशी कसं बोलायची ते मला आठवतं, म्हणून तो फरक तिला किती मोलाचा होता हे मला कळत होतं.

दिवाळीनंतर पहिला आठवडा निभावला. दुसऱ्या आठवड्यात समोरच्या काकूंनी फाटकातून विचारलं, "का वं, सुट्टी वाढवली का?" मी हसले. त्यानंतर मी दिवसा बाहेर जाणं कमी केलं. दूध आणायलाही बाबाच जायला लागले. अठ्ठावीस वर्षांची बाई आणि खिडकीचा पडदा सारखा करून बसलेली. आपण काही चोरलेलं नाही हे माहीत होतं, पण वागणं तसंच होत होतं.

असं नाही की मी काम शोधलं नाही. राजकमल चौकाजवळ एका कर सल्लागाराकडं गेले. त्यांनी कागद पाहिले, आणि चष्म्यावरून माझ्याकडं पाहून म्हणाले, "पुण्यातून वापस काहून आल्या?"

मी म्हटलं, "इथंच राहायचं आहे."

"इथं कोण राहते मॅडम? तुमी चार महिने शिकसान अन् पुन्हा जासान." ते रागानं बोलत नव्हते. त्यांचा स्वतःचा मुलगा बाहेर होता, त्याचा फोटो टेबलावर होता. ज्याला जमलं तो इथं कशाला येईल, आणि जो आला त्याच्यात काहीतरी खोट असणार, हा त्यांचा साधा हिशोब होता. दुसऱ्या दोन ठिकाणीही हाच प्रश्न आला. प्रत्येक वेळी बाहेर पडताना मला वाटायचं की मी नोकरी मागायला नव्हे, माफी मागायला गेले होते.

मग एक दिवस आई म्हणाली, "चार दिवस अकोल्याले मावशीकडे जाऊन ये. दिवसा जाय. मोठी बॅग घे."

मला आधी कळलं नाही. "चार दिवसांसाठी मोठी बॅग कशाला?"

आईनं फाटकाबाहेर गल्लीकडं पाहिलं, आणि मला कळलं. मी गल्लीतून बॅग ओढत जावं आणि लोकांनी ते पाहावं, असं तिला हवं होतं. मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही, कारण खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं.

बाबांनी गाडी काढली. समोरच्या काकू तुळशीला पाणी घालत होत्या. "चालली का पुण्याले?" त्यांनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "हो ना. लय दिवस झाले." काकूंनी मला जवळ बोलावून हातावर साखर ठेवली, डोक्यावरून हात फिरवला. ती साखर मी तोंडात टाकली आणि बाबांच्या मागं बसले.  बडनेरा स्टेशनवर बॅग उतरवून देताना बाबा फक्त म्हणाले, "मावशीले त्रास नको देजो."

अकोला म्हणजे गाडीनं जेमतेम दीड तास. ती गाडी पुढं मुंबईला जाणार होती. माझ्या डब्यात नोकरीवर परतणारी मुलं होती, त्यांनी माझी बॅग वर ठेवायला मदत केली आणि अकोल्याला मी उतरायला लागले तेव्हा एकानं विचारलं, "इथंच?" मी हो म्हटलं. एवढ्या साध्या प्रश्नानंही चेहरा गरम झाला.

मावशी शाळेतून निवृत्त झालेली, जठारपेठेत एकटी राहते. तिचा मुलगा बेंगळुरूला आहे. त्याच्यासाठी वर एक खोली बांधली होती, ती बरीच वर्षं कुलपात होती, आणि अलीकडं मावशीनं ती भाड्यानं दिली होती. वर राहणारी मुलगी माझ्याच वयाची, सोलापूरकडची, बँकेत अधिकारी म्हणून अकोल्याला आलेली. पहिल्या संध्याकाळी ती स्कूटरवरून आली, हेल्मेट काढलं आणि मला म्हणाली, "मावशींनी सांगितलं तुझं. बरं झालं आलीस. इथं माझ्या वयाचं कुणी बोलायलाच नाही."

मावशीनं काय सांगितलं होतं, तर सगळं खरं. मावशीला लपवाछपवी जमत नाही. त्यामुळं अकोल्याच्या त्या घरात, दिवाळीनंतर पहिल्यांदा, मी पडदे न लावता बसले.

त्या मुलीला अकोला आवडायचं हे मला नवलाचं वाटलं. ऑफिस दहा मिनिटांवर, सकाळी बॅडमिंटन, बाजारात ताजी भाजी, कधी रविवारी नरनाळ्याच्या किल्ल्याकडं चक्कर. पुण्यात तिनं प्रशिक्षण घेतलं होतं, तिथं तिचा अर्धा दिवस रस्त्यात जायचा. "मी इथं राहीन गं," ती म्हणायची, "पण लोक राहू देतील तर." मावशीकडं येण्याआधी तिनं बरीच घरं पाहिली होती. एकटी मुलगी म्हटल्यावर कुणी दार लावलं, कुणी आधी वडिलांना घेऊन ये म्हणालं, एकानं घरी कोण कोण येणार ते विचारलं. मावशीनं खोली दिली, पण सुरुवातीला संध्याकाळी फाटकाला कुलूप घालायची आणि उशीर झाला की गॅलरीत उभी राहायची. मग एक दिवस तिनं मावशीला विचारलं, "मावशी, तुमचा मुलगा इथं राहत असता तर त्याला किल्ली दिली असती का?" मावशी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी किल्ली करून आणली.

चार दिवसांचे दहा दिवस झाले. आईनं परत बोलावलं नाही, मीही विचारलं नाही.

त्या दिवसांत शहरातल्या काही प्रतिष्ठित मंडळींनी एक चर्चा ठेवली होती. तरुण मुलं अकोल्यात का थांबत नाहीत, हा विषय. वरच्या मुलीच्या बँकेच्या व्यवस्थापकांना स्टेजवर बोलावलं होतं आणि त्यांनी आपल्या लोकांना खुर्च्या भरायला यायला सांगितलं होतं. ती मला सोबत घेऊन गेली. हॉलमध्ये बहुतेक माणसं साठीच्या पुढची होती. स्टेजवर तर सगळीच. एका डॉक्टरांनी सांगितलं की मोठा मॉल हवा. एका कारखानदारांनी विमानतळाचा विषय काढला. एका निवृत्त प्राध्यापकांनी आजच्या पिढीला मातीची ओढ राहिली नाही, असं बराच वेळ समजावून सांगितलं. मग सूत्रसंचालकांना वाटलं असावं की एखादा तरुण चेहरा बोलायला हवा. त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि माइक घेऊन सरळ माझ्याकडं आले.

"ताई, आपण कुठं असता?"

"पुण्यात," मी म्हणाले.

कुणी जबरदस्ती केली नव्हती. शेजारी आई नव्हती, गल्ली नव्हती. तो शब्द आपोआप आला, जसं कुणी नाव विचारल्यावर नाव येतं.

"बघा, पुण्याहून आलेली आपली लेक," ते म्हणाले, आणि मला स्टेजवर नेलं. पुण्यात असं काय आहे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं की तिथं संध्याकाळी एकटीनं चहा प्यायला बसलं तरी कुणी वळून बघत नाही, घरमालकाला भाड्याशी मतलब असतो, कामावरून उशिरा निघालं तरी रस्त्यावर बायका दिसतात. हे सगळं खरं होतं. मग त्यांनी विचारलं, "परत यायचा विचार आहे का आपल्या भागात?"

मी म्हटलं, "सध्या तरी नाही."

हॉलमध्ये सगळे हसले. त्या हसण्यात थोडं दुःख होतं आणि थोडा अभिमानही, आपली मुलगी तिकडं रमली याचा. मला एक गुलाबाचं फूल दिलं, फोटो काढला. दांडीला चांदीचा कागद गुंडाळलेलं ते फूल होतं, आमच्याकडं लग्नसराईत आई असली फुलं डझनानं करते. ते हातात धरून मी खाली आले तेव्हा मावशीकडची ती मुलगी उभी राहिली होती. तिनं माइक मागून घेतला.

"मी इथं बाहेरून आलेय," ती म्हणाली. "आल्यापासून मला सगळे एकच विचारतात, बदली कधी. बँकेत विचारतात, भाजीवाल्या मावशी विचारतात. काळजीनंच विचारतात. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये बायकांना कपडे बदलायला जागा नाही, मी बोलले तर म्हणाले, मॅडम तुम्ही किती दिवस आहात इथं. वाचनालय माझं ऑफिस सुटायच्या आत बंद होतं. तुम्ही विचारताय तरुण मुलं का जातात. मी तर आलेय. मला अजून एकानंही राहा म्हटलेलं नाही."

 मग सूत्रसंचालक "छान, छान मुद्दे" म्हणाले आणि चहाची घोषणा झाली.

परत जाताना ती स्कूटर चालवत होती, मी मागं. टॉवर चौकाच्या सिग्नलला तिनं मान न वळवता विचारलं, "पुण्यात म्हणून का सांगितलंस?"

"सवय झाली आहे," मी म्हटलं.

"मला वाटलं होतं तू तरी माझ्या बाजूनं बोलशील. तू परत आलेली आहेस. तुला ऐकायला हवं होतं त्यांनी."

सिग्नल सुटला.  पुण्याचं खोटं मी आतापर्यंत आईच्या नावावर टाकत आले होते. त्या दिवशी ते माझं स्वतःचं निघालं.

आणि तो फोटो पसरला. कुठल्या तरी व्हॉट्सअॅप ग्रुपवरून आमच्या गल्लीच्या ग्रुपवर आला. फोटोत मी फूल घेऊन उभी, मागं अकोल्याचं नाव लिहिलेला भलामोठा फलक, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, पुण्याहून खास आलेली तरुणी. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला.

"समोरच्या काकू विचारत होत्या, पोरगी पुण्याले गेल्ती ना, मंग अकोल्यात कशी?"

"तू काय सांगितलंस?"

"कार्यक्रमाले बोलावलं म्हणून आली, असं सांगतलं." मग म्हणाली, "तुले तिथी स्टेजवर जायचं काय काम होतं वं?"

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ती थकली होती. माझ्या नोकरीचं ओझं ती एकटी दुकानावर बसून वाहत होती आणि रोज त्यात नवी भर पडत होती. मी ठरवलं, हे आता बंद करायचं. तेव्हा मला वाटलं होतं की मी फार धीट गोष्ट करायला निघाले आहे.

दुसऱ्या दिवशी मी बडनेऱ्याला उतरले आणि ऑटोनं घरी न जाता थेट देवळाच्या रस्त्यावर गेले. आई हार गुंफत होती. समोरच्या काकू पूजेची फुलं घ्यायला उभ्या होत्या, शिवाय आणखी दोन बायका. माझी मोठी बॅग पाहून काकू म्हणाल्या, "आली का परत? पुण्याहूनच ना?"

"नाही काकू," मी म्हणाले. "माझी पुण्याची नोकरी गेली. दिवाळीच्या आधीच गेली. मी मावशीकडं होते."

आईचा हात सुईवर थांबला. तिनं वर पाहिलं नाही. काकू म्हणाल्या, "मंग सांगाचं ना बाई. आमी का तुले खाऊन टाकत होतो?" त्या चांगलंच बोलत होत्या. पण त्या माझ्याशी बोलत होत्या आणि पाहत आईकडं होत्या. त्यांनी हातावर साखर ठेवली होती, डोक्यावरून हात फिरवला होता, आणि त्या वेळी आई शेजारी उभी राहून हो म्हणत होती. काकूंनी फुलांची पुडी घेतली आणि त्या गेल्या. दुसऱ्या दोघीही गेल्या.

आईनं हार पूर्ण केला, पाणी मारून टोपलीत ठेवला. मग अगदी हळू म्हणाली, "तू मोकळी झाली. मले खोटं पाडलं."

मी म्हटलं, "आई, मला वाटलं—"

"मले इचारलं असतं तर मीच सांगतलं असतं. माह्या तोंडानं." ती उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "आता बस इथी. मी घरी जाते."

आयुष्यात पहिल्यांदा आई दिवसाउजेडी दुकान सोडून गेली. मी तिच्या पोत्यावर बसले. पुड्या बांधता येत होत्या, ते लहानपणापासून येतं. येणारी प्रत्येक बाई विचारायची, आज आई कुठं, आणि ओळख पटली की, तू पुण्याची ना. मी सगळ्यांना सांगितलं, नोकरी गेली. दुपारपर्यंत ते वाक्य इतकं सोपं झालं होतं की मला त्याची लाज वाटेनाशी झाली. लाज आता दुसऱ्या गोष्टीची वाटत होती. ज्या जागेवर बसून आईनं माझा मोठेपणा सांगितला, त्याच जागेवर तिच्या गिऱ्हाइकांसमोर मी तो उतरवला होता, तिला न विचारता, आणि वर त्याला खरेपणा म्हटलं होतं.

आई चार-पाच दिवस दुकानावर आली नाही. घरी बोलायची, पण 'जेवायला वाढते' एवढंच. बाबा एकदा शेतावरून आले, माझ्यासमोर टोपली ठेवली आणि म्हणाले, "तिले थोडा टाइम दे." एवढंच. मग एका सकाळी मी निघायच्या आधी आईच निघाली होती. मी मागून गेले तर ती नेहमीसारखी बसली होती आणि एका गिऱ्हाइकाशी झेंडूच्या भावावरून वाद घालत होती. माझ्याकडं न पाहता तिनं थोडं सरकून जागा केली.

काम शेवटी अकोल्यात मिळालं. वर राहणाऱ्या मुलीच्या बँकेत एका डाळ मिलचं खातं होतं, त्यांना हिशेब सांभाळायला माणूस हवा होता. स्टेजवरच्या त्या प्रकारानंतर ती माझ्यासाठी कुणाला सांगेल असं मला वाटलं नव्हतं. तिनं फोन करून पत्ता दिला आणि म्हणाली, "तिथं तरी खरं सांग." मिलच्या मालकीणबाईंनी मला विचारलं की पुणं का सोडलं. मी सांगितलं. त्यांनी पुढं किती दिवस राहणार असं विचारलं नाही. ऑफिसात डाळीची धूळ फार असते, चालेल का, एवढं विचारलं.

मी मावशीकडं वरच्या खोलीत दुसरी कॉट टाकून राहते. मिलमधून सुटल्यावर कधी बॅडमिंटनला जाते, कधी आम्ही दोघी चहाच्या टपरीवर उभ्या राहतो आणि लोक बघतात. बघणं अजून थांबलेलं नाही. वाचनालयाच्या वेळेसाठी तिनं अर्ज केला, त्यावर मीही सही केली, अजून उत्तर नाही. तिची बदली कधीतरी होईल हे तिलाही माहीत आहे. मी कायमची राहीन का, हे मला कुणी विचारलं तर छातीठोकपणे सांगता येणार नाही. पुण्यातून कधी एखाद्या जागेबद्दल मेसेज येतो तेव्हा मी तो दोनदा वाचते, आणि वाचत असताना तिनं खोलीत येऊ नये असं वाटतं.

मागच्या महिन्यात घरी गेले होते. दुपारी आईबरोबर दुकानावर बसले असताना एक जुन्या ओळखीच्या बाई आल्या. त्यांना माझी काही हकीकत माहीत नसावी. "पोरगी पुण्यालेच ना अजून?" त्यांनी आईला विचारलं.

आईनं पुडीला दोरा गुंडाळला. "नाही," ती म्हणाली. "अकोल्याले बदली झाली."

बाईंनी मान डोलावली. बदली म्हणजे चांगलंच. आईनं माझ्याकडं पाहिलं, मी काय करते हे बघायला. मी त्या बाईंच्या हातात पुडी दिली आणि सुटे पैसे परत केले.